कधीकाकांची खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. मला हात नाहीत, पाठ जेमतेम आहे आणि बसायला शिडाच्या जाड कापडाचा एक तुकडा आहे. उघडताना मी कुरकुरते, पण ती तक्रार नव्हे, ते वय आहे. मित्रांनो, माझी गोष्ट मला जरा घाईने सांगायची आहे. सांगायला उशीर झाला की काय होते, ते मी डोळ्यांदेखत पाहिले आहे.

माझा जन्म समुद्रकाठच्या एका गावात झाला. होड्या दुरुस्त करणाऱ्या एका सुताराकडे मोडक्या होडीच्या फळ्या उरल्या होत्या. त्यांतून त्याने माझे पाय घडवले. त्याची बायको शिडे शिवायची. तिने उरलेले कापड दुहेरी करून माझ्यावर असे घट्ट शिवले, की त्यातला एक टाकाही आजवर उसवलेला नाही. गळ टाकून बसणाऱ्या एखाद्या हौशी माणसाला मला विकायचे असे दोघांनी ठरवले होते. पण मला नेले कधीकाकांनी.

कधीकाकांचे बाजारात फोटोंच्या फ्रेमचे दुकान होते. लोक घरातले जुने फोटो घेऊन यायचे. काका काच कापता कापता विचारायचे, "हा फोटो कधीचा? मागे ही भिंत दिसतेय, ती कुणाची? कधी पडली?" गिऱ्हाईक वैतागायचे. "अहो, फ्रेम करा ना, चौकशी काय करताय!" पण दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक आईला विचारून आलेले असायचे आणि भिंत कुणाची ते सांगून जायचे. त्यावरूनच गावाने त्यांना कधीकाका हे नाव ठेवले. ते गावाचे इतिहासकार झाले ते असे, कुणी न नेमता.

सुट्टीच्या दिवशी दुकान बंद करून काका मला खांद्याला अडकवायचे आणि निघायचे. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या परसात, बर्फाच्या कारखान्यामागे, जिथे म्हातारे माणूस दिसेल तिथे मला उघडायचे आणि म्हणायचे, "बसा." स्वतः मात्र जमिनीवर फतकल मारायचे. कुणी संकोचले तर हसायचे. "सांगणाऱ्याने वर बसायचं. मी खालीच बरा, इथून नीट ऐकू येतं."

मित्रांनो, हे ध्यानात ठेवा. त्या सगळ्या वर्षांत काका माझ्यावर एकदाही बसले नाहीत.

बाकी कोण कोण बसले म्हणून सांगू! बंदरात बुडालेल्या वस्तू काढणारा पाणबुड्या बसला. तारघरातली बाई बसली, जिला अर्ध्या गावाच्या बातम्या गावाआधी कळायच्या. एक म्हातारा तर चोरटा माल कसा उतरवायचो ते इतके रंगवून सांगू लागला, की त्याच्या बायकोने त्याला दंडाला धरून माझ्यावरून उठवले. "पुरे आता. पोलिसांना सांगायला काही ठेवा!" काका हसून हसून बेजार झाले. लोक म्हणायचे, या खुर्चीत काहीतरी आहे, बसले की तोंड उघडते. माझ्यात काही नव्हते. समोर कान देऊन बसलेला माणूस होता, एवढेच. पण कौतुक कुणाला आवडत नाही? मी फुगून जायची.

एकच जण माझ्यावर बसत नव्हती. ती म्हणजे जाळीवाली आजी.

ती बंदरालगतच्या गल्लीत जाळी विणायची. काका तिच्याकडे पुन्हा पुन्हा गेले. ती वाऱ्यांबद्दल बोलायची, माशांबद्दल बोलायची, पण उभ्यानेच, माझ्या पाठीवर हात ठेवून. काकांना विचारायचे होते ते वेगळेच. फार वर्षांपूर्वी बंदराचा लाकडी धक्का कोसळला होता आणि माणसे गेली होती. त्यांच्या नावांची दगडी पाटी आजही बंदरावर आहे. पाटीच्या तळाशी कोरले आहे, 'आणि एक अनोळखी मुलगा'. काका त्या ओळीपाशी नेहमी थांबायचे. "एवढ्याशा गावात मूल अनोळखी कसं असेल?" असे स्वतःशीच पुटपुटायचे. आजी त्या दिवशी धक्क्यावर होती, हे त्यांना कुणीतरी सांगितले होते.

शेवटच्या भेटीत त्यांनी तिला सरळच विचारले. आजीच्या हातातली सुई थांबली. ती म्हणाली, "पुढच्या वेळी ये. या खुर्चीवर बसते आणि सांगते. शब्द दिला."

पुढची वेळ आली नाही. काका दुकानातच, काच पुसता पुसता गेले.

गाव रडले, अगदी मनापासून रडले. तो चोरट्या मालाचा म्हातारासुद्धा रडला. मग नगरपालिकेने वाचनालयाच्या माडीवर काकांच्या नावाचे दालन करायचे ठरवले. त्यांच्या लेकीने, जी आता दुकान सांभाळते, त्यांचा चष्मा दिला, काच कापायची हिरकणी दिली आणि मला दिले. मला काचेच्या पेटीत ठेवून कुलूप लावले गेले. खाली पाटी लागली, 'या आसनावर बसून त्यांनी गावाचा इतिहास लिहिला. हात लावू नये.'

मला ओरडावेसे वाटले. ते बसले नाहीत हो, त्यांनी दुसऱ्यांना बसवले! पण खुर्चीचे कोण ऐकतो?

उद्घाटनाच्या दिवशी नगराध्यक्षांचे भाषण रंगात आले असताना जाळीवाली आजी कठड्याला धरून धरून जिना चढून आली. थेट माझ्यासमोर उभी राहिली आणि काचेवर थाप मारली. "उघडा हे. मला बसायचंय."

रखवालदार धावत आला. "आजी, हात लावायचा नाही. ते काकांचं आसन आहे."

"त्याचं कसलं? आमचं आहे ते."

लोक हसले. कुणीतरी तिला हळूच हाताला धरून खाली नेले. लेक व्यासपीठावर होती. तिने पाहिले, पण भाषण चालू होते आणि तिच्या हातात गुच्छ होता. मी काचेआडून आजीची पाठ पाहत राहिले. इतकी असहाय मी कधीच झाले नव्हते.

मग धूळ बसू लागली. शाळेच्या सहली यायच्या, मुले पाटी मोठ्याने वाचायची आणि पुढे जायची. गावातले म्हातारे एकेक करून कमी होत होते, ते मला माडीखालून जाणाऱ्यांच्या बोलण्यातून कळे. त्यांच्याकडे कुणीही जात नव्हते. काकांचा मान ठेवण्यात सगळे गुंतले होते.

पुढचे मला लेकीच्या तोंडून कळले. एके दिवशी आजी दुकानात एक फोटो घेऊन आली. आईवडील, एक मुलगी आणि तिचा हात धरून एक लहान मुलगा. लेक सवयीने म्हणाली, "कधीचा हो आजी?"

आजी तिच्याकडे बघतच राहिली. "बाप असता तर आधी बस म्हणाला असता."

लेकीने दुकानातले स्टूल पुढे केले. आजीने मान हलवली. "हे नको. शब्द त्या खुर्चीचा दिलाय."

लेक त्याच पावली नगरपालिकेत गेली. तिथे अर्ज झाला, समिती झाली, समितीची बैठक पुढे ढकलली गेली, पुन्हा ढकलली गेली. शेवटी ती माडीवर आली आणि रखवालदारासमोर रडायलाच लागली. तो बराच वेळ किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत बसला. मग कुलूप काढून म्हणाला, "मी चहाला जातोय, ताई. परत येईन तेव्हा मला काही दिसणार नाही."

लेकीने मला खांद्याला अडकवले. किती दिवसांनी अंगाला वारा लागला!

आजी दारातच बसली होती. मला बघून तिला ओळख पटली, पण लेक कोण ते तिला दोनदा सांगावे लागले. लेकीने मला उघडले. मी कुरकुरले. आजी बसली. केवढी हलकी झाली होती ती! लेक जमिनीवर बसली, अगदी बापासारखी फतकल मारून.

आजी बोलली. धाकटा भाऊ हट्ट करून तिच्यामागे धक्क्यावर आला होता. आई अंथरुणाला खिळलेली होती, पोराच्या मरणाची बातमी तिला सोसणार नाही म्हणून वडिलांनी बजावले, 'तो जहाजावर पळून गेला असं सांगायचं. येईल म्हणायचं.' वडिलांनी बंदरावर जाऊन पोराला ओळखले नाही, ओळख दाखवलीच नाही. आई पुढे बरी झाली आणि मरेपर्यंत प्रत्येक जहाज बघायला जात राहिली. आजी सगळे सांगत होती, भावाच्या खरचटलेल्या गुडघ्यासकट. लेक रडत होती.

मग तिने विचारले, "नाव काय होतं त्याचं? आपण पाटीवर कोरून घेऊ."

आजीने तोंड उघडले. मिटले. फोटोतल्या मुलाच्या चेहऱ्यावर बोट ठेवले. "अगं, आत्ता होतं. त्या दिवशी जिना चढले तेव्हा तोंडात होतं माझ्या." आणि ती माझ्या कापडाला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली.

लेक आता रोज दुकान बंद करून मला घेऊन जाते. काल आजी एकदम हसली आणि एक नाव म्हणाली. लेकीने घाईने पुन्हा विचारले. ते आजीच्या वडिलांचे नाव निघाले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका, मला काचेत ठेवू नका. तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस दाराला टेकून उभे असेल, तर आज, आत्ता त्याला खुर्ची द्या आणि तुम्ही खाली बसा. आम्ही उद्याही त्या गल्लीत जाणार आहोत. पाटीवरचा तो मुलगा अजून अनोळखीच आहे.