भट्टीतली नमन करणारी ज्योत

तळघरात वीस-पंचवीस माणसं दाटीवाटीनं उभी होती. अंगात जाड कोट, डोक्यावर लोकरीच्या टोप्या, आणि सगळ्यांचे डोळे एका लोखंडी पेटीवर. व्हर्नाचं घर तापवणारी गॅसची भट्टी ती. बसवली होती डेल्मरनं. हा गृहस्थ आठवडाभर भट्ट्या बसवायचा आणि रविवारी प्रवचनं झोडायचा. सरकारी तपासनिसाला त्यानं दारातही उभं केलं नव्हतं. "वरचा बाप तपासतो," म्हणे!

"बघा, बंधूंनो! बघा, भगिनींनो!" डेल्मरबुवा गरजले. "ही साधी आग नव्हे, सोन्याची आहे! हिला देवाचं नाव कळतं. ज्योती, नमन कर!"

पिवळीधमक ज्योत थरथरली आणि खरोखरच आडवी वाकली. बायका मुसमुसायला लागल्या. कॉफीच्या रिकाम्या डब्यात नोटा पडू लागल्या.

जिन्यावर उभ्या आर्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मिनेसोटातल्या त्या गावात तिनं जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेलं. हात जोडून उभ्या असलेल्यांत निम्मे तिचेच विद्यार्थी! पण ती आली होती भावासाठी. ऑर्व्हिल वरच्या खोलीत डोकं धरून पडला होता. महिनाभर ओकाऱ्या, घेरी, असंबद्ध बडबड. आणि त्याची बायको व्हर्ना त्याला डॉक्टरकडे न्यायला तयार नव्हती.

"आत्म्याची झुंज चाललीय, वन्सं," व्हर्ना कुजबुजली. "गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेले की ठणठणीत असतात, घरी आले की पडतात. डेल्मर म्हणतात, सैतान तिथं तळ्यावर भेटतो त्यांना."

"अगं वहिनी, उघड्या हवेत माणूस बरा होतो आणि घरात लोळागोळा होतो, तर खोट कुठाय? तळ्यात की घरात? आणि विषारी वायूची घंटा दिली होती मी, ती कुठाय?"

"ती सारखी किंचाळायची. डेल्मर म्हणाले, ज्योत सोसवत नाही म्हणून सैतानच ओरडतोय. सेल काढून टाकले."

आर्डिसनं अँब्युलन्सला फोन केला, दोन तगड्या माणसांना धरून ऑर्व्हिलला शेजारच्या घरी हलवलं, आणि परत तळघरात आली. "चला, बाहेर व्हा सगळे! इथली हवा विषारी आहे!" कोण ऐकतो? उलट स्तोत्र आणखी जोरात सुरू झालं.

"बरं. मग मीही एक चमत्कार करते, एवढा बघा आणि निघा. वहिनी, भट्टी बंद करून परत पेटव."

ज्योत पेटली. आर्डिस कान देऊन उभी राहिली. आत पंखा घरघरू लागणार तोच ती ओरडली, "उकडलेल्या बटाट्याची आण, नमन कर!"

ज्योत वाकली. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं.

"भट्टी पेटली की जरा वेळानं पंखा लागतो. बुवा त्याचीच वाट बघत स्तोत्र लांबवतात. आणि हे बघा!" तिनं रुमाल भट्टीमागे नेला. तो फटकन एका हातभर फटीला चिकटला. "घरातली हवा भट्टीकडे आणणारी नळी इथं जोडलेलीच नाही. पंखा या कोंदट खोलीतलीच हवा ओढतो. ज्योतीला हवा पुरत नाही म्हणून ती पिवळी, आणि पंखा ओढतो म्हणून वाकडी. तुमच्या शेगडीची ज्योत निळी असते की नाही? धुराड्यातून जायचा धूर उलटा खोलीत येतो आणि हाच पंखा तो घरभर वाटतो. कार्बन मोनॉक्साइड! ना वास, ना रंग."

"बाई, विज्ञानाचा गर्व..." डेल्मरनं तोंड उघडलं.

"गप रे!" गर्दीतून आर्डिसचा जुना विद्यार्थी वेंडेल पुढे आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्याही घरी तूच भट्टी बसवलीस. पोरं निजलीत माझी." आणि तो जिन्याकडे धावत सुटला. त्याच्यामागे सगळंच तळघर रिकामं झालं.

दवाखान्यात ऑर्व्हिलच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती लागला नसता. संध्याकाळी त्यानं बायकोचं नाव घेतलं, नीट, न अडखळता. व्हर्ना ढसाढसा रडली.

"डेल्मरचा निरोप आलाय, वन्सं. ते आपल्यासाठी प्रार्थना करतायत."

"करू दे खुशाल! देवाला मान, मी नाही म्हणत नाही. पण डोळ्यांसमोर काही अजब दिसलं की आधी विचार, हे कशानं होतंय? ज्याला हा प्रश्न सोसत नाही, त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. आणि त्या नालायकाला सांग, प्रार्थना नंतर. आधी कुणाकुणाच्या घरी भट्टी बसवलीस ते पोलिसांना सांग. आत्ता, या घटकेला. तिथं माणसं श्वास घेतायत!"