सुनेची खुर्ची

दुष्काळाचं २०१३ साल. मुकुंदवाडीत जिथं सरूबाईंनी ज्वारीची रानं पाहिली होती, तिथं आता घरांच्या रांगा उठल्या होत्या आणि नळाला पाचव्या दिवशी पाणी येत होतं. खेड्यांत तर विहिरींचे तळ दिसत होते. अशा दिवसांत त्यांचे यजमान नानासाहेब रोज संध्याकाळी कॉम्प्युटरपुढं घाम पुसत बसत.

नानासाहेब तहसील कचेरीत कारकून. आठ गावांचे टँकरचे प्रस्ताव त्यांच्या टेबलावरून जायचे. आता हुकूम आला होता, की एक तारखेपासून प्रस्ताव कॉम्प्युटरवरच भरायचे. ऑपरेटर एकच, त्याच्यापुढं ही रांग. नानासाहेबांना कीबोर्ड जमला नाही, तर आठ गावांनी पाण्यासाठी आणखी थांबायचं.

शिकवायला घरचीच सून होती. श्रेया शहागंजातल्या एका क्लासात हेच शिकवायची. पण सासऱ्यापुढं सुनेनं बसायचं नाही, हा सरूबाईंनी घालून दिलेला रिवाज. म्हणून ती डोक्यावर पदर घेऊन, दाराशी उभी राहून सांगायची.

"बाबा, 'क' मधल्या ओळीत. उजवीकडं."

चौतीस वर्षं शिक्के मारलेला हात तो. बोट एकदा टेकलं की दाबलेलंच राहायचं, अन् पडद्यावर 'क'ची ओळच्या ओळ उमटायची.

"हे यंत्रच बिघडलंय."

"जरा हलकं दाबा, बाबा."

"हलकंच तर दाबतोय!"

बारा दिवस असेच गेले. एका गावाचं नाव धड उमटलं नाही.

एका दुपारी कणीक मळता मळता सरूबाईंनी विचारलं, "काय गं, तुझ्या क्लासात ह्यांच्या वयाचं कुणी येतं का?"

"येतात ना. एक सांडूमामा आहेत, साठीचे. पंधरा दिवसांत अर्ज टाइप करायला लागले."

"मग ह्यांनाच का येईना? ह्यांचं डोकं लई जड व्हय?"

श्रेया घुटमळली. "डोक्याचं काही नाही, आई. तिथं मी शेजारी बसते. बोट कुठं चुकतं ते दिसतं, धरून उचलता येतं. इथं मला बाबांची पाठच दिसते."

सरूबाईंचे हात कणकेतच थांबले. त्यांना सोयगावचं सासर आठवलं. त्या घरात सातवी शिकलेल्या त्या एकट्याच. सासऱ्यांची पत्रं त्या दाराआडून वाचून दाखवीत. एकदा म्हातारबा म्हणाले होते, "सूनबाई, मला माझं नाव तेवढं लिहायला शिकव." पण दाराआडून अक्षर कसं गिरवून घेणार? अंगठा उठवतच ते गेले. लोकांनी मात्र सुनेच्या मर्यादेचं कौतुक केलं होतं.

त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः खुर्ची उचलून नानासाहेबांच्या शेजारी मांडली.

"बस गं."

नानासाहेब अवघडले. "अगं, कुणी आलं-गेलं तर काय म्हणेल?"

"आठ गावं घागरी घेऊन बसलीत. तुमची सून कुठं बसली ते बघायला त्यांना सवड नाय."

श्रेया बसली. तिनं सासऱ्यांचं बोट धरलं, टेकवलं, लगेच उचललं. पडद्यावर एकच 'क' उमटला.

"असं व्हय!" नानासाहेब म्हणाले. "मग हे आधी का नाय सांगितलंस?"

"मीच तिला लांब उभं केलं होतं," सरूबाई म्हणाल्या.

एक तारखेला नानासाहेबांनी पाच प्रस्ताव स्वतः भरले, उरलेले तीन दुसऱ्या दिवशी.

घरोघरी आज शिकलेल्या सुना आहेत, आणि शिकायची गरज असलेली मोठी माणसंही. मर्यादा म्हणून त्या दोघांत आपण जे अंतर राखतो, त्याचा तोटा घराला होतो आणि कधी कधी तहानलेल्या परक्या गावांनाही. आपल्या घरात ते अंतर कुणी घातलं, हे ज्याचं त्याला ठाऊक असतं. ज्यानं घातलं, त्यानंच ते मोडावं.