मोठ्यांसाठीचा धडा

“तुम्हीच शिकवलंत, आता तुम्हीच ते परत घ्या,” असं म्हणून ती काजाच्या मशीनसमोर उभीच राहिली.

बाईंनी मशीन थांबवलं. समोरची ती पावाच्या भट्टीवर काम करायची; दोन्ही हातांवर भाजल्याचे जुने डाग होते. तिचा एकुलता एक मुलगा तीन आठवड्यांपासून तुरुंगात होता. त्याने चोरी केली नव्हती, कुणावर हात उगारला नव्हता. भरतीचं बोलावणं आल्यावर ‘मी माणूस मारणार नाही’ एवढंच तो म्हणाला होता. का, असं भरतीच्या साहेबाने विचारलं तेव्हा म्हणाला, येशूने नको सांगितलंय, रविवारच्या शाळेत आमच्या बाईंनी शिकवलंय.

“त्यांनी तसंच लिहून घेतलंय,” आई म्हणाली. “शुक्रवारपर्यंत सही केली तर सैन्यात पाठवतील. नाही केली तर आतच. आत गेलेल्या अकरांतले दोघं चादरीत गुंडाळून बाहेर आलेत, बाई. लढाईवर गेलेले निम्मे तरी घरी येतात.”

“पाळकसाहेबांना विचारलंस?”

“विचारलं. म्हणाले, शिकवण बरोबर आहे, वेळ बरोबर नाही. आणि मग डोळे मिटून प्रार्थना करत बसले. मीच उठून आले.”

बाईंची नजर खाली गेली. त्यांच्या मांडीवर सैनिकाचा सदरा होता. लढाई सुरू झाल्यापासून कारखान्यात दुसरं काही शिवलंच जात नव्हतं. मुकादम येता-जाता म्हणायचा, तोफाबिफा राहू द्या, बाई, तुमच्या काजांविना अख्ख्या सैन्याच्या चड्ड्या खाली येतील. सगळे हसत, बाईही हसत. हे सदरे अंगात घालून माणसं काय करायला जातात, हा विचार त्यांच्या मनाला शिवलाच नव्हता. कारण तो करायचा ठरवला तर हातातलं काम सोडावं लागलं असतं, आणि काज करण्यावाचून त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

रविवारी मात्र त्या चर्चमागच्या खोलीत शिकवत. सव्वीस वर्षं तेच बावन्न धडे. वैऱ्यावर प्रीती करा, हा एकोणिसावा. एका गालात मारली तर दुसरा पुढे करा, हे सांगितलं की मुलं हमखास शेजाऱ्याला चापट मारून दुसरा गाल मागत. मग दंगा, मग दटावणी, मग प्रार्थना. पुढच्या रविवारी विसावा धडा.

या मुलाला वर्गात सगळे ‘काबरं’ म्हणत. प्रत्येक गोष्टीला त्याचं ‘का बरं?’ ठरलेलं. वैऱ्यावर प्रीती का बरं? तो आपला वैरी आहे हे त्याला माहीतच नसेल तर? आठ वर्षांच्या त्या पोराला बाईंनी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं होतं. काय दिलं होतं, ते आता काही केल्या आठवत नव्हतं.

गुरुवारी त्या दोघी तुरुंगात गेल्या. एकीलाच आत सोडतील असं पहारेकऱ्याने सांगितलं, तेव्हा आईने बाईंना पुढे ढकललं.

खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकून उभा असलेला शिपाई. टेबलावर सहीचा कागद आधीच ठेवलेला होता. काबरं आला. बावीस वर्षांचा, पण चालत होता म्हाताऱ्यासारखा, एक बाजू सांभाळत. बाईंना पाहून त्याचा चेहरा एकदम उजळला.

“बाई, तुम्ही? मला वाटलं होतं, कुणीतरी येईल म्हणून. पाळकसाहेब नाही आले?”

“नाही आले.”

“असू दे. तुम्ही आलात ना.” तो खुर्चीत सावकाश बसला. “पहिल्या दिवशी भीती वाटली. मग ठरवलं, बाईंना बरं वाटेल असं वागायचं. मग तेवढी नाही वाटली.”

बाई रात्रभर घोकलेलं सगळं विसरल्या. त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या, “आई बाहेर उभी आहे.”

“माहीत आहे.”

“तुला काही झालं तर ती जगायची नाही.”

“बाई, तुम्ही सांगितलेलं खरं होतं ना?” त्याने विचारलं. आवाजात आव्हान नव्हतं. वर्गात विचारायचा तसंच विचारलं. “एवढंच सांगा. खरं असेल तर मी सहन करीन.”

शिपायाने घड्याळ पाहिलं. बाईंना चादरीत गुंडाळलेले दोघं दिसले, आईचे भाजलेले हात दिसले. आणि हेही कळलं, की गेली सव्वीस वर्षं आपण ते खरं आहे की नाही हे कधी तपासूनच पाहिलं नाही. कुणी तपासायची वेळच आणली नव्हती.

“ते लहान मुलांसाठी होतं रे,” त्या म्हणाल्या.

काबरं त्यांच्याकडे बघत राहिला. त्या ‘का बरं?’ची वाट बघत होत्या. त्याने विचारलं नाही. त्याने शिपायाकडे पेन मागितलं.

तो सात महिन्यांनी सुट्टीवर आला. हातीपायी धड. पाळकसाहेबांनी त्याला उपासनेत पुढे बोलावून शाबासकी दिली, छातीवरचं पदक लोकांना दाखवलं. आईने बाहेर येऊन बाईंचे दोन्ही हात धरले. “तुमच्यामुळे पोटचा गोळा परत मिळाला, बाई. मी जन्मभर विसरायची नाही.”

बाईंना ते हात सोडवून घ्यावेसे वाटले. त्या खोली बंद करायला मागे गेल्या, तर काबरं आत ठेंगण्या बाकावर बसला होता. गुडघे जवळजवळ छातीला टेकले होते.

“एक जण होता,” तो म्हणाला. “हात वर करून उभा होता. आमच्या साहेबाने सांगितलं, कैदी सांभाळायला माणसं नाहीत. मग माझ्याकडे बघितलं.”

बाई दाराशीच थांबल्या.

“तो काहीतरी बोलत होता. भाषा कळत नव्हती. पण शेवटी आमेन म्हणाला, ते कळलं.”

बाहेर लोकांच्या गप्पा चालल्या होत्या. कुणीतरी हसलं.

“बाई, तुम्ही म्हणाला होतात, ते लहान मुलांसाठी आहे.” त्याने मान वर केली. “मोठ्यांसाठी काय आहे?”

बाई आत आल्या. त्या त्याच्या शेजारच्या ठेंगण्या बाकावर कशाबशा बसल्या. माफ कर, म्हणावंसं वाटलं. पण ते कोणी कोणाला म्हणायचं, तेच कळेना. आई बाहेरून हाका मारत होती. चर्चचा माणूस झाडू घेऊन आला, दोघांना बघून आत न येता त्याने दार ओढून घेतलं.

तो सोमवारी परत गेला.

पुढच्या रविवारी बाई पाळकसाहेबांना म्हणाल्या, “वर्गासाठी दुसरं कोणी बघा.”

“का? तब्येत बरी नाही का?”

“तब्येतीचं काही नाही. मला ते येत नाही.”

पाळकसाहेबांनी फार आग्रह केला नाही. त्यांना घाई होती.

मुलांचा वर्ग आणि मोठ्यांचं प्रवचन एकाच वेळी असायचं, त्यामुळे बाईंनी सव्वीस वर्षांत प्रवचन कधी ऐकलंच नव्हतं. त्या दिवशी त्या पहिल्यांदा मोठ्यांमध्ये, शेवटच्या रांगेत बसल्या. पदर नीट केला, हात मांडीवर ठेवले आणि एकही शब्द निसटू नये तसं कान देऊन ऐकू लागल्या.

पाळकसाहेबांनी त्या आठवड्यात लढाईत कामी आलेल्यांची नावं वाचायला घेतली. एकेक नाव, त्याच्या बापाचं नाव, वय. मध्येच एखादी आई उठून बाहेर जायची. पान उलटल्याचा आवाज यायचा आणि परत नावं. बाई प्रवचनाची वाट बघत बसल्या. यादी संपली तेव्हा पाळकसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि आशीर्वादासाठी हात वर केले. त्या दिवशी प्रवचनाला वेळच उरला नव्हता.