रस्त्यापलीकडची धाकटी

थोरलीचा अर्ज मंजूर होणार आहे. पण हे तिला अजून कळलेलं नाही, तेव्हा आपणही कानांवर हात ठेवू. सध्या ती गॅलरीत उभी राहून समोरच्या इमारतीकडे भाताचा डाव हलवते आहे. जेवलीस का, असा त्याचा अर्थ.

समोर चौथ्या मजल्यावर धाकटी, खिडकीशी शिलाई मशीनवर बसलेली. मध्ये आठपदरी रस्ता. जुनी वस्ती पाडून नव्या घरांच्या चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हा जन्मभर एका भिंतीला पाठ लावून राहिलेल्या या बहिणी रस्त्याच्या दोन बाजूंना पडल्या. भेटायचं तर दोन बस आणि अकरा किलोमीटरचा वळसा. वॉर्डाची हद्द रस्त्याच्या बरोबर मधून गेलेली. पादचारी पूल मागितला की अलीकडचा नगरसेवक म्हणे, "पलीकडच्या मतदारांना मी का उतरवून घेऊ?" पलीकडचाही हेच म्हणे. एवढ्या एका बाबतीत दोन्ही पक्षांचं गूळपीठ होतं.

आता थोरलीचे गुडघे बसची पायरी चढेनात. तिनं फोन लावला.

"सकाळी कुठं होतीस गं? गॅलरीत दिसली नाहीस."

"पाय मोकळे करायला गेले होते. तू?"

"मीपण."

थोरली धडधडीत खोटं बोलत होती. ती पलीकडं घर मागायचा अर्ज देऊन आली होती. आधी सांगितलं असतं तर धाकटी म्हणाली असती, तू कशाला हलतेस, मीच येते.

दोन महिन्यांनी घरवाटप कार्यालयाचं बोलावणं आलं.

"नशीब काढलंत, आजी," कारकून म्हणाला. "पलीकडच्या एका बाईंनाही नेमकं अलीकडंच यायचं होतं. दिली अदलाबदल करून. अशी जोडी जुळत नाही हो कधी."

"कितवा मजला?"

"चौथा. शिलाई मशीनला खिडकीशी छान उजेड येतो, असं लिहिलंय त्यांनी."

 थोरली तोंडाला पदर लावून इतकी हसली, की कारकून पाणी आणायला उठला. तो येईपर्यंत तिनं डोळे पुसून फोन लावला होता.

"धाकटे, गाढव आहेस."

"तुझ्यावरच गेलेय, ताई."

थोरलीनं कोरा कागद मागितला आणि दोघींच्या वतीनं लिहिलं:

'महोदय, अदलाबदल रद्द करावी. आम्ही दोघी आहोत तिथेच बऱ्या आहोत. सबब, मधल्या रस्त्यास अन्यत्र पर्यायी जागा देऊन त्याचे लवकरात लवकर पुनर्वसन करण्यात यावे, ही नम्र विनंती.'