लाखेच्या मोहरेखालचा मोह

मी एक जुनी काचेची बरणी आहे. माझ्या काठाला एक टवका गेला आहे आणि बुडाशी एक हवेचा बुडबुडा जन्मापासून अडकला आहे. मित्रांनो, टवक्याबद्दल कोणी हळहळू नये. तो मला एका चांगल्या कामात मिळाला आहे.

पुण्याकडच्या एका काचकारखान्यात माझा जन्म झाला. भट्टीतून निघाल्यावर मला गवतात गुंडाळले आणि आगगाडीने खांडबाऱ्याला पाठवले. सोबतच्या बरण्या लोणच्यासाठी गेल्या. मला शेतकी मंडळाने घेतले.

हे मंडळ तेव्हा नुकतेच उभे राहिले होते. त्याचे कारण साधे होते. आमच्या डोंगरात मोहाची झाडे पुष्कळ. होळीच्या सुमारास त्यांची फुले गळू लागतात. बाया झाडाखालची जमीन झाडून ठेवतात, पहाटे फुले वेचतात आणि कातळावर वाळवतात. ही फुले भाजून खातात, पिठात कुटून भाकरीत घालतात, आणि परवान्याच्या भट्टीत त्यांची दारू होते. पण काही लोक पोत्यांत रेती मिसळू लागले. काहींनी बुरसलेली फुले खपवली. त्या फुलांची दारू पिऊन नवापूरकडे माणसे आजारी पडली. रेल्वेने गेलेला माल परत येऊ लागला. तेव्हा तापीकाठचे शेतकरी आणि खांडबाऱ्याचे व्यापारी एकत्र आले आणि त्यांनी मालाला प्रत लावायचे ठरवले. पहिली प्रत खाण्याची आणि गाळण्याची. दुसरी फक्त गाळण्याची. तिसरी गुरांच्या खुराकाची. एखाद्या गावाच्या मालाला लागोपाठ तीन हंगाम तिसरी प्रत मिळाली, तर त्या गावाचे नाव मंडळाच्या यादीतून कमी करायचे. मग त्या गावाचा माल मंडळाच्या काट्यावर चढणार नाही.

पहिली प्रत म्हणजे काय, हे सर्वांना डोळ्यांनी दिसावे म्हणून मी होते. शेतकी खात्याचे एक साहेब आले. त्यांनी निवडक फुले माझ्यात भरली. पिवळसर, फुगीर, मनुक्यासारखी मऊ. झाकणावर तांबडी लाख ओतून त्यांनी आपली मोहर उमटवली आणि सांगितले, "दर हंगामाला नमुना बदला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंडळाचे अध्यक्ष रतिलालभाई यांनी मला टेबलाच्या मध्यभागी ठेवले. ते सारंगखेड्याकडचे केळी-कापसाचे शेतकरी होते. माणूस सरळ, पण सरकारी कागदाला आणि मोहरेला फार भिणारा.

पुढची होळी आली. रतिलालभाईंनी नमुना बदलायला चाकू हातात घेतला. समोर भट्टीचा ठेकेदार इंद्रसिंग बसला होता.

तो म्हणाला, "भाऊ, सायबानी मोहोर शे ती. तोडशी ते जबाब कोण दी?"

रतिलालभाईंनी चाकू खाली ठेवला. साहेब येतील तेव्हा बघू, असे ठरले. साहेबांची बदली झाली होती. ते कधीच आले नाहीत.

दसऱ्याला मंडळाच्या काट्याची आणि मापांची पूजा झाली. त्यांत मीही होते. माझ्या पोटावर हळदकुंकू लागले, गळ्यात झेंडूची माळ पडली. पुढच्या दसऱ्याला तेच. मित्रांनो, पूजा झालेल्या वस्तूला मग कोणी हात लावत नाही, हे मी तेव्हा शिकले. मला रोज पुसत होते. उघडत मात्र कोणीच नव्हते.

आत काय चालले होते ते मला माहीत होते. फुले काळवंडत होती. आधी चहाच्या रंगाची झाली, मग चिंचेच्या. त्यांना घाम आला, त्यांत आळ्या झाल्या, आळ्या मेल्या. मी काच आहे. मी यातले काहीच लपवले नाही. कोणीही वाकून पाहिले असते तर दिसले असते. म्हणून त्या वर्षांचा दोष मी घेणार नाही. ज्यांना डोळे होते त्यांनी तो घ्यावा.

इंद्रसिंगाला डोळे होते. त्याच्या लवकर लक्षात आले की त्याच्या वखारीतली गेल्या वर्षीची शिळी फुले माझ्यातल्या फुलांशी तंतोतंत जुळतात. ती पहिल्या प्रतीत पास होऊ लागली. डोंगरातल्या बायांची ताजी फुले जुळत नव्हती. ती तिसरी ठरू लागली. तीच फुले तो गुरांचा खुराक म्हणून स्वस्तात घ्यायचा, वर्षभर वखारीत ठेवायचा आणि पुढच्या हंगामात पहिली प्रत म्हणून आणायचा. रतिलालभाई रंग जुळवायचे, मान हलवायचे आणि शिक्का मारायचे. त्यांच्या चेहऱ्यावर मला अनेकदा शंका दिसली. पण माझ्या डोक्यावर मोहर होती.

गंगीबाई डोंगराच्या अंगाला असलेल्या एका लहान गावची. घरी तिची बोली वेगळी. बाजारात मात्र ती सगळ्यांसारखी अहिराणी बोलायची, आणि जरा मोठ्याने बोलायची. तिच्या गावाला दोन हंगाम तिसरी प्रत मिळाली होती. तिसऱ्यांदा मिळाली की नाव कमी होणार होते. मग फुले घेणारा एकच उरणार होता, इंद्रसिंग. त्या फुलांवर गावाचे मीठ यायचे आणि पेरणीची ज्वारी यायची. हे बाजारातल्या प्रत्येकाला माहीत होते.

तिसऱ्या हंगामात, बाजाराच्या दिवशी ती टोपल्या घेऊन आली. सोबत गावातल्या बाया होत्या आणि शेजारीण सुसाना होती. सुसानाचे घर ख्रिस्ती. तिच्याकडे दारूला कोणी शिवत नसे.

इंद्रसिंगाने तिलाच आधी टोकले. "सुसाना, तुमी ते पेतस नही. मंग फुलं येचतस कशाले?"

"आमी भाकरमा खातस," सुसाना म्हणाली. "तू ईकस ते लोके पेतस. दोन्ही पोटमाच जास ना, ठेकेदार?"

रतिलालभाईंनी गंगीबाईच्या टोपलीतली मूठभर फुले माझ्या शेजारी ठेवली. पिवळसर, फुगीर, मऊ. पहिल्या दिवशी माझ्यात घातलेल्या फुलांची जणू सख्खी भावंडे. ती काचेला टेकली तेव्हा मला ओरडावेसे वाटले. बरणीला आवाज नसतो.

"रंग जुळस नही, बाई," रतिलालभाई हळू आवाजात म्हणाले.

"कशाशी जुळस नही?"

"नमुनाशी."

"तुन्हा नमुना मरेल शे, भाऊ. मन्हा फुलं जित्ता शेतस."

इंद्रसिंग हसला. "गंगी, सरकारनी मोहोर तुले दखास नही का?"

"मोहोर दखास. आत काय शे तेबी दखास. काच शे ती."

मागे माणसे जमू लागली. गंगीबाईने टोपलीतले एक फूल उचलले, सगळ्यांना दाखवले आणि तोंडात टाकले. सावकाश चावून गिळले.

"आमना डोंगरमा रीत शे," ती म्हणाली. "फूल ऱ्हावो का दारू ऱ्हावो, जो दुसराले देस तो पहिले सोता तोंडमा घालस. मी खादं. आते तू बरणीमातलं खा. मंग मन्हा फुलले तिसरं म्हन."

काट्यावरचा म्हातारा हमाल धुडकू पोत्याला टेकून उभा होता. तो म्हणाला, "खाय ना, ठेकेदार. पहिला नंबरनं शे. तोंडले पानी सुटनं व्हई."

लोक हसले.

"ते काय खावानं शे?" इंद्रसिंग चिडून म्हणाला.

"खावानं नही, ते मंग पहिला नंबर कसा?" सुसानाने विचारले.

यावर कोणी हसले नाही. मंडळाच्या नियमात पहिली प्रत खाण्याची होती, आणि तो नियम रतिलालभाईंनीच उभे राहून वाचून दाखवला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांची नजर मोहरेवर थांबली नाही. खाली, आत गेली.

त्यांनी चाकू मागितला.

"भाऊ," इंद्रसिंग म्हणाला, "जबाब कोण दी?"

"जबाब मी दिसू."

लाख जुनी झाली होती, दगडासारखी. चाकू घसरला आणि माझ्या काठाचा टवका उडाला. मला त्याचे काही वाटले नाही. दुसऱ्या घावाला मोहर फुटली. झाकण निघाले आणि पुढची रांग नाकाला पदर लावून मागे सरली. धुडकू म्हणाला, "अरे बाप रे, हाई आपन पुजेल शे?"

रतिलालभाईंनी दोन बोटांनी एक काळा गोळा उचलला आणि इंद्रसिंगापुढे धरला. त्याने हात पुढे केला नाही.

"आते त्यानी पोती उघाडा," गंगीबाई म्हणाली. "सकायमा पास व्हयेल शेतस ती."

पोती उघडली. आत तेच होते. वास तोच, आळ्या त्याच. ती पोती तिसऱ्या प्रतीत गेली, आणि धुडकूने सांगितले की आपला बैल काही ती खाणार नाही. गंगीबाईच्या टोपल्यांवर पहिल्या प्रतीचा शिक्का बसला. गावाचे नाव राहिले.

मला विहिरीच्या पाण्याने धुतले, राखेने घासले, उन्हात पालथे ठेवले. मग रतिलालभाईंनी गंगीबाईच्या टोपलीतली ओंजळभर फुले माझ्यात भरली. लाख आणायला निघालेल्या माणसाला त्यांनी हाताने थांबवले. पुढच्या बैठकीत मंडळाने तीन गोष्टी ठरवल्या. नमुना दर हंगामाला नवा, आणि झाकण मोकळे. शिवाय ज्याला प्रत ठरवायची आहे त्याने आधी बरणीतले एक फूल सर्वांसमोर खायचे. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेले रतिलालभाई दर होळीनंतर मोहाचे फूल तोंडात टाकत. दरवेळी गंगीबाई विचारी, "कसं शे, भाऊ?" दरवेळी ते तोंड आंबट करून म्हणत, "गोड शे."

मोहर तोडल्याचा जबाब विचारायला कोणीही आले नाही.

पुढे दारूबंदीचे वारे आले. ठेका गेला, भट्टी गेली. मंडळाकडे मिरची आणि भुईमूग जास्त येऊ लागला. मला माळ्यावर ठेवले. माझ्यावर धूळ बसली, एका उंदराने माझ्यावरून वाट केली. तक्रार नाही. धूळ पुसता येते.

यंदा मंडळाने सारंगखेड्याच्या घोडेबाजारात शेतकी मालाचे दुकान मांडले आहे. नवे चिटणीस हुशार आहेत. त्यांना मी माळ्यावर सापडले आणि त्यांनी माझा इतिहास लोकांकडून ऐकला. त्यांना तो फार आवडला. इतका की त्यांनी लाखेची कांडी आणि दिवा मागवला. "अशी ऐतिहासिक वस्तू बंद करून जपायला हवी," असे ते म्हणाले.

सुसाना शेजारीच मिरच्या निवडत होती. तिचे केस आता पांढरे आहेत. तिने वर पाहिले.

"लाव भाऊ, लाव," ती म्हणाली. "गंगी चालता येईना म्हनी घर बठेल शे. पन हाई आयकी ते आठलोंग सरकत येई."

चिटणिसांनी कांडी खिशात ठेवली. पण त्यांचे पुरते समाधान झाले नसावे, कारण त्यांनी माझ्यासमोर एक पाटी उभी केली: हात लावू नये.

मित्रांनो, मला जपा. मला धुवा, पुसा, पडू देऊ नका. मी काच आहे, फुटले तर पुन्हा जुळणार नाही. पण जपणे म्हणजे तोंड बंद करणे नव्हे, हे मी सांगणार, आणि टवका गेलेल्या काठाने सांगणार. माझ्या पोटात यंदाच्या होळीनंतरची फुले आहेत, गंगीबाईच्या नातीने वेचलेली आणि दुकान मांडताना मला धुऊन माझ्यात भरलेली. ती अजून गोड आहेत का, हे माझ्या शब्दावर मानू नका. दुकानात बसलेल्या माणसाला आधी एक खायला सांगा, मग तुम्ही एक खा.

पाटी माझी नाही. झाकण सैल आहे.