दारावरचा प्रश्न

बद्रीनाथांनी ओळीच्या शेवटी राहून गेलेला अर्धविराम टाकला, फाइल जतन केली आणि सर्व्हरला नवे नियम वाचायला लावले. मग चष्मा कपाळावर सरकवून ते पडद्यासमोर बसून राहिले. फार वाट पाहावी लागली नाही. कुठल्याशा परमुलखातल्या यंत्राने 'ललिता गृहउद्योग'च्या संकेतस्थळावर येऊन व्यवस्थापकाचं दार कुठे आहे, अशी चौकशी केली. असं दार तिथे नव्हतंच. सर्व्हरने अवाक्षर न काढता जोडणी तोडली.

"या," बद्रीनाथ पडद्याला म्हणाले, "चहा घेऊनच आला असाल."

बाकीचे लोक अशा वेळी सर्व्हरकडून 'पान सापडले नाही' असं सभ्य उत्तर देववतात. बद्रीनाथांना ते लाड वाटत. कुणी यंत्र रात्रंदिवस तुमची कडी हलवून बघत असेल, तर त्याला नाही म्हणण्यात तरी वेळ का घालवा? उत्तरच न देता संबंध तोडायची सोय सर्व्हरमध्ये आहे हे त्यांना कळलं, तेव्हा ते दिवसभर खुशीत होते. संगणकाच्या खोलीत चपला काढून जायची पद्धत होती, त्या काळात ते या धंद्यात आले होते आणि नको असलेल्याला बाहेर ठेवणं हे आपलं खास काम आहे, असं त्यांचं मत होतं. निवृत्तीनंतर हे एकच संकेतस्थळ त्यांच्या हाताखाली उरलं होतं. पत्नी ललिताबाई गेल्यावर फराळाचा आणि मोदकांचा व्यवसाय त्यांच्या जोडीदारीण इंदुबाई कसबा पेठेतल्या भाड्याच्या खोलीतून चालवत, आणि ऑर्डरी घेणारं हे पान बद्रीनाथ शनिवार पेठेतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरून सांभाळत. खरं सांगायचं तर दिवसभरात त्यांच्याकडे येणारं या यंत्रांखेरीज कुणी नव्हतं. एखाद्या दिवशी ती कमी आली, तर बद्रीनाथांना जेवण गोड लागत नसे.

ऑर्डरीच्या फॉर्मवरही ही यंत्रं कर्जाच्या आणि गोळ्यांच्या जाहिराती कोंबून जात. त्यावर दुसऱ्या कुणी वाकडीतिकडी अक्षरं ओळखायला लावली असती. बद्रीनाथांनी फॉर्मच्या माथ्यावर मराठीत एक प्रश्न घातला होता : 'गणपतीला मोदक कोणत्या पिठाचे करतात?' उत्तर तांदळाचे. ते आल्याशिवाय फॉर्म पुढे जात नसे आणि त्यात लिहिलेला मजकूर कुठे साठतही नसे. चुकलं की पडद्यावर येई, 'उत्तर चुकले. माहीत नसल्यास घरातील वडीलधाऱ्यांस विचारावे.' तीनदा चुकलं की त्या इंटरनेट-पत्त्याला दिवसभर दार बंद.

सकाळीच इंदुबाईंचा फोन येऊन गेला होता.

"भाऊ, लोकं मला फोन करत्यात. फॉर्म पुढं जात न्हाई म्हनत्यात."

"मोदक कशाचा असतो हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी तो मागवून करायचंय काय?"

"आवो, पण गणपती तोंडावर आलाय."

"तो दर वर्षीच तोंडावर येतो, इंदुबाई."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. इंदुबाई काहीतरी बोलणार होत्या, पण "ठेवते मी, उकड हाय गॅसवर," एवढंच म्हणाल्या.

आता पडद्यावर एक नवी मागणी आली होती, आणि ती यंत्राची नव्हती. यंत्रं घाईने नेमकं हवं ते मागतात. या आलेल्याने पानावरची चित्रंही मागवली होती, भावाचं पान उघडून बघितलं होतं आणि मग सावकाश फॉर्म उघडला होता. थोड्या वेळाने प्रश्नाचं उत्तर आलं : 'कणीक.'

बद्रीनाथ हसले. सवयीने त्यांनी पत्ता कुणाचा आहे ते पाहिलं. वाघोलीतल्या एका केबलवाल्याच्या जाळ्यातला पत्ता होता. त्यांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांचा मुलगा इंद्रजीत वाघोलीला राहत होता.

ललिताबाई मूळच्या विदर्भातल्या, आर्वीच्या. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीला त्यांनी आपल्या माहेरच्या रीतीने कणकेचे मोदक तळले होते, चांगले खुसखुशीत. आरतीला माणसं जमली होती. बद्रीनाथांनी एक मोदक खाल्ला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "छान झालंय. पण मोदक करायचे होते." माणसं खूप हसली. ललिताबाईही हसल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांनी उकडीचे असे केले, की पेठेतल्या बायका शिकायला येऊ लागल्या. व्यवसाय त्यातूनच उभा राहिला. हे वाक्य बद्रीनाथ पुढे कितीतरी वर्षं पाहुण्यांना रंगवून सांगत. घरी कणकेचे मोदक पुन्हा झाले ते फक्त इंद्रजीतसाठी, त्याच्या वाढदिवसाला, बद्रीनाथ ऑफिसात असताना. संध्याकाळी घरात तळणाचा वास असे. बद्रीनाथांना तो कळे आणि ते त्याबद्दल काही विचारत नसत.

ललिताबाईंच्या तेराव्याला इंद्रजीत म्हणाला होता, "आईला तुम्ही एक वाक्य कधी पुरं करू दिलं नाही." बद्रीनाथ म्हणाले होते, "तुझं झालं असेल तर तू निघ." तो निघाला. रात्री त्याचा फोन आला तो त्यांनी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याचा नंबरच फोनमध्ये बंद करून टाकला. राग ओसरल्यावर बंदी काढू, असं तेव्हा ठरवलं होतं.

दुसरं उत्तर आलं : 'कणकेचे, तळलेले.'

बद्रीनाथ खुर्चीत पुढे सरकले. आता एकच संधी उरली होती. त्यांनी घाईघाईने फाइल उघडली, बरोबर उत्तरांच्या ओळीत 'कणीक' घातलं, जतन केलं. सर्व्हरने नवे नियम वाचायला साफ नकार दिला. अर्धविराम राहिला होता. एवढ्या वर्षांत ही चूक ते दुसऱ्यांना दाखवून देत आले होते, आणि आज ती त्यांच्याच हातून, नेमकी या वेळी झाली. तो कुठे राहिला हे शोधत असतानाच तिसरं उत्तर येऊन पडलं.

'आमच्या घरी कणकेचेच करतात.'

दार बंद झालं. सर्व्हर आपलं काम चोख करत होता. बद्रीनाथांनी अर्धविराम टाकला, त्या पत्त्यावरची बंदी उठवली, नियम पुन्हा वाचायला लावले आणि मग त्यांना कळलं की आता करण्यासारखं काही नाही. दार उघडलंय हे बाहेरून निघून गेलेल्याला कळवायची सोय सर्व्हरमध्ये नसते. ज्याला यायचं असेल, त्यालाच पुन्हा यावं लागतं.

ते बसून राहिले. यंत्रं येत होती, हाकलली जात होती. एरवी अशा प्रत्येकाला ते काहीबाही सुनावत, आज त्यांच्याकडे लक्षही गेलं नाही. जेवायची वेळ टळली. भात कुकरमध्येच राहिला. मधेच त्यांच्या मनात आलं, की इंद्रजीतला हे उत्तर चुकीचं ठरणार हे ठाऊक आहे. तरी त्याने तीनदा तेच लिहिलं. मुद्दाम लिहिलं. याचा त्यांना राग यायला हवा होता, आणि आला तो आनंद. पोरगा भांडायला का होईना, पण दारात आला होता.

दुपार कलल्यावर तो पत्ता पुन्हा दिसला. चित्रं, फॉर्म, आणि उत्तराच्या जागी परत 'कणीक'. या वेळी फॉर्म आत गेला. बद्रीनाथांनी मजकूर उघडला.

'नमस्कार. मी तेजस्विनी. पुलगावची आहे, इथे वाघोलीला रूम घेऊन राहते, कंपनीत लागून दोन महिने झाले. हा घराबाहेरचा पहिलाच गणपती. तुमच्याकडे कणकेचे तळलेले मोदक मिळतील का? आई करते तसे. इथे सगळीकडे उकडीचेच आहेत. सकाळी फॉर्म जात नव्हता, म्हणून परत भरला. मिळत नसतील तर राहू द्या, काही हरकत नाही.'

बद्रीनाथांनी ते दोनदा वाचलं. इंद्रजीतचं नाव कुठे दडून बसलंय का, असं शोधावं तसं वाचलं. मग त्यांना त्या मुलीचाच राग आला. तिचा काय दोष, हेही लगेच कळलं आणि स्वतःची लाज वाटली. पण सगळ्यात वाईट वाटलं ते निराळ्याच गोष्टीचं. ज्या बाईच्या नावाने हे पान चालत होतं, तिने माहेरी असताना हा फॉर्म भरला असता तर तिलाही सर्व्हरने तीनदा चूक काढून दिवसभर बाहेर ठेवलं असतं. आणि वर वडीलधाऱ्यांना विचारायला सांगितलं असतं.

त्यांनी फोन उचलला. शोधत शोधत बंद केलेल्या नंबरांची जागा काढली. तिथे इंद्रजीत एकटाच होता. त्यांनी त्याचं नाव मोकळं केलं. मधल्या काळात त्याने फोन केला होता का, किती वेळा केला होता, हे त्यांच्या फोनने सांगितलं नाही. ते कळायचा मार्ग त्यांनीच ठेवला नव्हता. मग त्यांनी त्याला फोन लावला. अर्धवट एक रिंग वाजली आणि लाइन व्यस्त झाली. पुन्हा लावला, पुन्हा तसंच. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, बोलत असेल कुणाशी. बद्रीनाथांना तसं वाटून घेता आलं नाही, कारण बंद केलेला नंबर पलीकडून कसा वाजतो हे त्यांना पक्कं माहीत होतं.

संध्याकाळी ते कसब्यात इंदुबाईंच्या खोलीवर गेले. इंदुबाई पाटावर बसून नारळ खोवत होत्या.

"कणकेचे मोदक करता येतील?"

इंदुबाईंनी मान वर केली. "तळून? त्यात काय हाय. आमच्यात तेच करत्यात."

"मग दोन डबे करा. दोन्ही वाघोलीचे."

"पोऱ्या पाठवू का द्यायला?"

"नको. मीच जाणार आहे."

इंदुबाईंनी खोवणी बाजूला केली आणि परात पुढे ओढली.

दुसऱ्या दिवशी तेजस्विनीचा डबा तिच्या घरमालकिणीकडे देऊन बद्रीनाथ इंद्रजीतच्या सोसायटीपाशी रिक्षातून उतरले. सोसायटी नवी होती, फाटक मोठं होतं. केबिनमधला रखवालदार हातातल्या फोनवर आलेल्या-गेलेल्याची नोंद करत होता.

"कुणाकडे, काका?"

"इंद्रजीत. सी विंग, सातवा मजला."

"रिक्वेस्ट टाकावी लागते. काय टाकू? डिलिव्हरी, कॅब, कामवाले, गेस्ट?"

"वडील नाही का त्यात?"

"तसं काही येत नाही ह्याच्यात."

बद्रीनाथांनी क्षणभर विचार केला. गेस्ट म्हटलं तर नाव द्यावं लागणार. नाव वाचून त्याने नाही म्हटलं, तर ते या परक्या माणसाच्या तोंडून ऐकावं लागणार.

"डिलिव्हरी टाका," ते म्हणाले.

उत्तर लगेच आलं.

"झालं काम. गेटवर ठेवून जा म्हणतायत." रखवालदाराने केबिनशेजारच्या मांडणीकडे बोट केलं. तिथे खोकी, पिशव्या, कुणाचं तरी इस्त्रीचं गाठोडं होतं. बद्रीनाथांनी डबा त्यांच्यामध्ये ठेवला. तो धड बसला नाही म्हणून जरा सरकवला, आणि ते निघाले.

रस्त्यावर रिक्षा उभीच होती. रिक्षावाल्याने मीटरला हात घातला.

बद्रीनाथ परत फिरले. मांडणीवरचा डबा त्यांनी उचलून घेतला.

"ते खोडा. नवी रिक्वेस्ट पाठवा."

"काय झालं, काका? मिळेल त्यांना. संध्याकाळी घेऊन जातील."

"गेस्ट टाका."

"नाव?"

"बद्रीनाथ."

"आडनाव?"

"त्याचं जे आहे तेच."

रखवालदाराने एकदा वर पाहिलं आणि नाव टाइप केलं. मग फोन समोर धरला. "फोटो लागतो. इकडं बघा."

बद्रीनाथांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. शर्टाची कॉलर सारखी केली. मग त्या छोट्याशा भिंगाकडे सरळ बघितलं.

"गेला," रखवालदार म्हणाला. "आता वरून येईल ते खरं. बसा, कधी कधी वेळ लागतो."

"असू दे," बद्रीनाथ म्हणाले, आणि डबा दोन्ही हातांत धरून फाटकाशी उभे राहिले.