रखमीची काथवट

एकोणीसशे शहाऐंशी साल, जानेवारी महिना, पौषातली थंडी. मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत, बैलबाजाराच्या कडेला, मी एका सुताराच्या गोणपाटावर पडले होते. माझं आयुष्य तिथून सुरू झालं. त्याआधी मी नुसतं लाकूड होते.

मी काथवट. पीठ मळायचं पसरट लाकडी भांडं. शिवणीच्या झाडाच्या एका ओंडक्यातून कोरलेली. जोड नाही, खिळा नाही. हे आधीच सांगते, कारण हल्ली कुणी विचारत नाही.

मला रखमीने उचललं, बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाली, "ही घ्यायची."

गणू म्हणाला, "घरात परात हाय ना?"

"परात तुमच्यासारखी हाय. हात लावला का वाजते."

सुतार हसला. मी रखमीच्या डोक्यावर बसून घरी गेले.

रोज सकाळी माझ्यात तांदळाच्या भाकरीची उकड मळली जाई. त्या गरम उकडीने माझं लाकूड मुरलं. रखमीचा हात जड होता, पण प्रामाणिक होता. काम झालं की ती मला धुऊन, पुसून चुलीजवळ भिंतीला टेकवून ठेवी. ती माझी जागा.

त्याच वर्षी शेजारच्या खोल्यांत दवाखान्याचा कंपाउंडर सायमन झिराडकर राहायला आला. त्याची बायको दीनाबाई. ही माणसं बेने इस्रायल, म्हणजे ज्यू. कोकणातलीच, बोली मराठी, फक्त देवधर्म वेगळा. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होई. मग शनिवारी संध्याकाळी तारे दिसेपर्यंत चूल पेटवायची नाही. शुक्रवारच्या जेवणाला दोन पाव फडक्याखाली झाकलेले हवेत. म्हशात पाव मिळे, पण तसा नाही. तो घरीच करावा लागे.

एका शुक्रवारी दीनाबाई दारात आल्या. "वयनी, तुमची काथवट देता? पत्र्याच्या परातीत पीठ गारठतं. फुगत नाही."

रखमीने मला दिलं आणि स्वतःही मागोमाग गेली. भांडं कुठे जातं ते बघायला हवंच.

काम सोपं होतं. माझ्यात मैदा, मीठ, साखर, थोडं तेल, कोमट पाणी. अंडी दोन, पण प्रत्येक आधी वाटीत फोडून रक्ताचा ठिपका नाही ना ते बघायचं. पीठ फुगवायला ताडी, वाडीवर ताडी काढणाऱ्या लखमाकडची. मळून ओल्या फडक्याखाली ठेवलं की मी माझी ऊब देई. दुप्पट झालं की दीनाबाई लिंबाएवढा गोळा तोडत, काही पुटपुटत आणि तो विस्तवात टाकत.

"पिठाची दृष्ट काढतेस काय गो?" रखमीने विचारलं.

"नाही. पहिला वाटा देवाचा, आपला नव्हे."

मग तीन पेड, त्यांची वेणी, वर अंड्याचा हात. पातेल्यात ठेवून खाली निखारे, झाकणावर निखारे. वास गणूच्या गोठ्यापर्यंत जाई.

दोन वेण्या त्यांच्या घरी राहत. तिसरी, लहान, माझ्यात ठेवून दीनाबाई दिवेलागणीआधी मला परत आणून देत. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, ही रीत दोन्ही घरांत एकच होती. असं सात वर्षं चाललं. मी शुक्रवार ओळखू लागले.

एकदा दीनाबाई तापाने पडल्या. रखमी म्हणाली, "निजून राहा. मी करत्ये." तिने सगळं नीट केलं, गोळाही विस्तवात टाकला. फक्त पाण्याच्या जागी म्हशीचं दूध घातलं. देवाच्या दिवसाचा पाव पाण्यात काय मळायचा, असं तिला वाटलं. तिकडे सायमनने कोंबडी शिजवली होती. त्यांच्या धर्मात दूध आणि मटण-कोंबडी एका जेवणात चालत नाही, हे रखमीला कुणी सांगितलं नव्हतं.

दीनाबाईंनी पहिल्याच घासाला ओळखलं. काही बोलल्या नाहीत. कोंबडी बाजूला केली आणि त्या घराने रखमीचा पाव वरणाबरोबर खाल्ला. दुसऱ्या दिवशी कोंबडीचं अख्खं पातेलं रखमीकडे पोचलं. त्यानंतर रखमीच्या दुधाचा मान राखायला दीनाबाई पाण्याऐवजी नारळाचं दूध घालू लागल्या. तेही रखमीला कधी सांगितलं नाही.

त्र्याण्णव सालच्या मे महिन्यात सायमनची ठाण्याला बदली झाली. ट्रक शनिवार टाळून रविवारी यायचा होता, तो शुक्रवारी सकाळीच आला. ड्रायव्हर थांबायला तयार नाही. माझ्यात पीठ फुगत होतं आणि रखमी मुरबाडला गेलेली. देवाचा वाटा काढायचं पीठ टाकून कसं द्यायचं? दीनाबाईंनी मला पिठासकट मांडीवर घेतलं आणि ट्रकमध्ये बसल्या. "पुढच्या आठवड्यात परत आणते," असं गणूला सांगितलं.

तो आठवडा आला नाही. सायमन आजारी पडला, मग गेला. मुलं वाढली. जितका उशीर झाला तितकी लाज वाढली. मी माळ्यावर गेले. फ्लॅटमध्ये मिक्सर पीठ मळू लागला. वापराविना लाकूड वाळून मला कडेपासून मध्यापर्यंत तडा गेला. स्वतःबद्दल तक्रार करायची माझी सवय नाही, म्हणून एवढंच सांगते.

या वर्षी, दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत, दीनाबाईंनी मला खाली काढलं. पुढच्या महिन्यात त्या इस्रायलला मुलाकडे जाणार होत्या, कायमच्या. नातीला, रिनाला, म्हणाल्या, "हिला परत दिल्याशिवाय मी विमानात बसणार नाही."

"आजी, कुरिअर करू ना."

"रिकामी?"

आठ दिवस मला खोबरेल चोळलं. शुक्रवारी पहाटे रिनाने माझ्यात पीठ मळलं, कारण दीनाबाईंची बोटं आता वळत नाहीत. ताडीऐवजी पाकिटातलं यीस्ट, निखाऱ्यांऐवजी ओव्हन. नारळाचं दूध मात्र तेच. तड्यातून थोडं गळलं.

कल्याणहून एसटीने मुरबाड, पुढे जीप. वाटेत दीनाबाई एकदाच बोलल्या. "असेल ना गं ती?"

रखमी अंगणात तांदूळ निवडत होती. गणू वारलेला. तिने डोळे बारीक करून आधी मला पाहिलं, मग दीनाबाईंना.

"कंपाउंडरीण काय गो?"

"हो, वयनी."

"पुढच्या आठवड्यात येणार व्हतीस."

"चुकलं माझं."

"एकतीस वरसं परातीत मळत्ये मी. निसती वाजते."

तिने फडकं बाजूला केलं, वेणीचा तुकडा तोडला. त्यातला कण आत जाऊन चुलीत टाकला, उरलेला तोंडात घातला. बराच वेळ चावला.

"दूध नारळाचं."

"तुम्हाला कळलं?"

"कोंबडीचं अख्खं पातेलं माझ्याकडं आलं, तवाच कळलं, माझ्या पावात कायतरी चुकलं. पुढच्या पावाला नारळाची चव लागली, म्हंजे माझं दूधच चुकलं. तू बोलली नायस. मग मी पण नाय बोलले."

दीनाबाई रडू लागल्या. रखमीने पाव ताटात काढून घेतला, मला पदराने पुसलं, तड्यावरून अंगठा फिरवला आणि आत नेऊन चुलीजवळ भिंतीला टेकवलं.

"फिटलं गो," ती म्हणाली.